घरची मिरची

लोक लघवीला जाऊन आल्यावर हात धुतात, राऊतसाहेब जाण्यापूर्वी धुवायचे. आधी गोडेतेल चोळायचं, मग कोपरापर्यंत साबण, मग पुन्हा साबण. नव्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटे. पण त्यांच्या वाडीत मिरच्या खुडून ज्याने एकदा चुकून डोळ्याला हात लावला, त्याला काही समजावून सांगावं लागत नसे. मी लावला होता. विहिरीच्या कठड्याला धरून मी ढसाढसा रडत होतो आणि राऊतसाहेब शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते. मी डोळे उघडल्यावर म्हणाले, "सत्तावीस मिनिटं. पिवळीला पस्तीस लागतात, देसले. तुम्ही नशीबवान."

हरेश्वर राऊत त्यांचं नाव. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काढली. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करणार आहे, पण माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

सडपातळ, उंच, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि खिशात कायम एक छोटी वही. कुणी काहीही सांगितलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "हे तुमचं मत झालं. चाचणी काय म्हणते?" कँटीनच्या आमटीत मीठ कमी आहे असं म्हणायची सोय नव्हती. एकदा आमच्यातल्या एकाने थट्टेने म्हटलं, "साहेब, आज उकडतंय, हे माझं मत आहे." राऊतसाहेब उठले, भिंतीवरच्या तापमापकात बघून आले आणि म्हणाले, "कालच्यापेक्षा एक अंश कमी आहे." थट्टा केलेली त्यांच्या लक्षातच आली नव्हती.

कारखान्यात मिश्राजी नावाचे जुने ऑपरेटर होते. टाकीत डोकावून रंग बघायचे आणि "साहब, माल तैयार है" म्हणायचे. वर्षानुवर्षं त्यांचा अंदाज चुकला नाही. एकदा चुकला. राऊतसाहेबांनी त्या पाळीतल्या सगळ्यांना बोलावलं, टेबलावर दोन काचपात्रं ठेवली आणि मिश्राजींना विचारलं, यातलं तयार कोणतं ते सगळ्यांना दाखवा. मिश्राजी बराच वेळ बघत राहिले. नंतर ते टाकीत डोकावेनासे झाले, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी गोदामात बदली मागून घेतली. कंपनीच्या बसची वाट बघताना ते मला म्हणाले, "राऊत साहब कभी गलत नहीं होते, इसीलिए उनके साथ कोई चाय नहीं पीता." मी हसलो होतो. तेव्हा मला राऊतसाहेब फार मोठे वाटत असत.

पंचावन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते केळव्याला वडिलोपार्जित वाडीत राहायला गेले. लग्न केलेलं नव्हतं. वाडीचे दोन भाग झालेले होते. एक यांचा, दुसरा त्यांच्या थोरल्या भावाचा. भाऊ वारले होते, तिथे त्यांची बायको कमळवहिनी एकटी राहत होती. मध्ये अडुळशाचं कुंपण. आजूबाजूला सगळ्यांच्या नारळ, सुपाऱ्या, केळी. राऊतसाहेबांनी लावल्या मिरच्या, आणि त्याही असल्या की बाजारात कुणी विचारणार नाही. आसामकडची एक होती, तिचा नखाएवढा तुकडा पातेलंभर डाळीला पुरून उरे. एक पिवळी, आकाशकंदिलासारखी फुगलेली. एक चॉकलेटी, सुरकुतलेली. आणि एक जांभळी, जिचं पान, देठ, फूल सगळंच जांभळं. बाहेरगावाहून दरवर्षी नव्या बियांची पाकिटं मागवायचे. प्रत्येक झाडाला क्रमांक, पेरल्याची तारीख. घरचं बी धरायचं नाही, कारण लॉट एकसारखा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गावात म्हणायला लागले, राऊतांचा हरू येडा झाला, माणसांनी खाऊ नये ते पिकवतो. पुढे मुंबईहून सॉस बनवणारा एक जण गाडी घेऊन यायला लागला, तेव्हा हाच हरू एकदम हुशार ठरला. लोकांचं असंच असतं. मीही दर रविवारी पालघरहून जात असे. हवा चांगली, जेवण फुकट, आणि घरी कुणी मला इतक्या गांभीर्याने काही समजावून सांगत नसे.

समुद्रावर आलेले मुंबईचे लोकही वाडीत डोकावायचे. मोबाईल समोर धरून तिखट मिरची खायची आणि मित्रांना दाखवायची, ही एक नवीनच टूम. राऊतसाहेब त्यांना बाकावर बसवत, समोर दह्याची वाटी ठेवत आणि ब्लेडने नखाएवढी चकती कापून देत. एक दांडगा तरुण म्हणाला, "पूरी दो ना अंकल." त्यांनी नाही म्हटलं. त्याने हात लांब करून झाडावरची एक तोडली आणि अख्खी तोंडात टाकली. राऊतसाहेब त्याचा हात धरू शकले असते, मी बघत होतो. त्यांनी वही काढून वेळ लिहिली. पोरगा जमिनीवर लोळायला लागला, मित्रांचे मोबाईल खाली आले. तेवढ्यात कुंपणातून ताकाचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन कमळवहिनी आल्या, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

"भावजी, माणूस हाय तो," त्या म्हणाल्या.

"मी त्याला आधी सांगितलं होतं," राऊतसाहेब म्हणाले.

कमळवहिनींच्या परसात दरवर्षी मिरचीची चाळीस-पन्नास झाडं असत, सगळी एकाच जातीची. त्या मिरचीला नाव नव्हतं. घरात सगळे तिला 'घरची' म्हणत. पोपटी, अंगठ्याएवढी जाड, अंगाला खवले पडल्यासारखी, आणि तिखट म्हणाल तर नुसता वास. ओलं खोबरं भरून केलेली ती मिरची मी दोन-दोन भाकऱ्यांशी खाल्ली आहे. बाळंतिणीलाही चालायची. आणि त्या घरातल्या प्रत्येक पोराला पहिलं तिखट म्हणून तीच. उष्टावण मामा करतो, खिरीचं. हे त्यानंतर वर्षभराने आजी करते. मऊ भातात घरची मिरची कुस्करून एक घास भरवते. पोर तोंड वाकडं करतं, मग पुन्हा आ करतं, आणि सगळे म्हणतात, आता हे घरचं झालं. खुद्द राऊतसाहेबही असेच घरचे झालेले होते.

बी वहिनींना सासूने दिलेलं, सासूला तिच्या सासूने. झाडावर लाल होऊ दिलेल्या निवडक मिरच्यांचं बी राखेत घोळवून एका तुंब्यात, म्हणजे वाळवून पोखरलेल्या भोपळ्यात, ठेवायचं. नवं आत गेलं की जुनं काढून रानात टाकायचं. जुनं ठेवलं तर नवं रुसतं, असं सासू सांगून गेली होती. म्हणजे घरात कधीही एकाच वर्षाचं बी असे.

थंडीचे दिवस होते. दोन्हीकडच्या मिरच्या फुलावर आलेल्या. वहिनी कुंपणाशी आल्या. मी होतो, नारळ उतरवायला आलेला माणूस होता, शेजारचे दोघं-तिघं होते.

"भावजी, ती जांबळी तुमी अगदी कुंपनाला लावलीत. माश्या हिकडच्या तिकडं जातात. फुलं हायत तवर मधी काय तरी आडोसा बांदा. आमची मिरची बिगडंल."

एक हिरवी जाळी बांधायची होती. वाडीत जाळीची अख्खी गुंडाळी पडून होती. पण राऊतसाहेबांना त्यात जाळी दिसली नाही, मत दिसलं. "वहिनी, परागकण कुठूनही येऊ देत," ते म्हणाले, "फळ आईसारखंच होतं. गावातल्या या सगळ्या ऐकीव गोष्टी."

"माझी सासू सांगायची."

"त्यांनी चाचणी केली होती?"

तेवढ्यावर सोडलं असतं तरी चाललं असतं. पण दीड महिन्याने फळं धरल्यावर साहेबांनी त्याच माणसांना पुन्हा गोळा केलं. वहिनींच्या परसातलं, कुंपणाला सगळ्यात जवळचं झाड निवडलं, त्याच्या मिरच्या तोडल्या, चकत्या केल्या आणि एकेकाच्या हातावर ठेवल्या. नारळवाल्याने खाल्ली, शेजाऱ्यांनी खाल्ली, मी खाल्ली. सगळ्यात शेवटी वहिनींनी. जराही तिखट नव्हती.

"सांगा वहिनी, बिघडली?"

"नाय बिगडली."

"मग?"

"तुमी शिकलेले, भावजी," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून आत गेल्या. मी म्हणालो, "साहेब, सिद्ध झालं." माझं ते वाक्यही इथे लिहून ठेवतो, म्हणजे सगळा दोष एकट्या त्यांच्यावर टाकल्यासारखं होणार नाही.

त्या झाडाला त्या वर्षी सगळ्यात चांगली फळं धरली होती. वहिनींचा संशय आता फिटला होता. त्यांनी त्याच झाडावरच्या मिरच्या लाल होऊ दिल्या, त्यांचं बी तुंब्यात भरलं आणि आदल्या वर्षीचं रानात टाकलं.

फळ आईचं असतं, पण आतलं बी दोघांचं. हे शाळेतल्या पोरांनाही शिकवतात. राऊतसाहेबांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या लेखी बी म्हणजे पाकिटातून येणारा माल. पलीकडच्या घरात बी धरतात, ज्या घरात आपण जन्मलो, ज्या तुंब्याला लहानपणी हात लावला म्हणून मार खाल्ला, ते घर त्यांच्या हिशेबातच आलं नाही.

पुढच्या वर्षी रोपं उगवली आणि वहिनींनी हाक मारली. वाफ्यातल्या बऱ्याच रोपांचे देठ जांभळे होते. राऊतसाहेब उकिडवे बसून बघत राहिले. चेहरा उतरला होता, हे मी शपथेवर सांगतो. त्याच वेळी ते 'माझं चुकलं' म्हणाले असते तर पुढचं टळलं असतं. पण तीन-चार शेजारी कुंपणावरून बघत होते. साहेब उठले, हात झटकले आणि म्हणाले, "सोपं आहे. जांभळी तेवढी उपटा. राहिलेली मूळची."

वहिनींनी विचारलं, "नक्की ना?"

"रंगच सांगतोय ना, वहिनी."

वहिनींनी सांगितलं तसं केलं. पण कुंपणापलीकडे नुसती जांभळी नव्हती. हिरव्या देठाच्याही होत्या, आसामकडची, पिवळी. त्यांचा अंश ज्या रोपांत उतरला होता ती दिसायला अगदी घरचीसारखीच होती.

वहिनींची मुलगी सुनीता मासवणला दिलेली. ती तिच्या दीड वर्षांच्या मुलीला पहिल्या तिखटासाठी माहेरी घेऊन आली. अंगणात पाट मांडला होता, पोरीला नवं परकर-पोलकं घातलं होतं. मला आणि साहेबांनाही बोलावलं होतं. वहिनींनी एक मिरची आधी स्वतः चाखून पाहिली, ती ठीक होती. भातात कुस्करायला दुसरी घेतली, ती शेजारच्या झाडाची होती.

पोरीने घास गिळला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग तिला रडताच येईना. तोंड उघडं, आवाज नाही, ओठ सुजत चाललेले. सुनीताने तिला उचललं, कुणी दूध आणलं, कुणी साखर, शेवटी रिक्षात घालून दवाखान्यात नेली. संध्याकाळपर्यंत पोर बरी झाली. पण घास भरवलेला वहिनींचा हात तसाच भाताने माखलेला होता, आणि किती तरी वेळ तो धुवायचं त्यांना कुणी सुचवलं नाही. राऊतसाहेब पाटाजवळ उभे होते. या वेळी त्यांनी वही काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळी झाडं उपटून उकिरड्यावर टाकली. तुंबा रिकामा केला. राऊतसाहेब कुंपणाशी जाऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही फळाचं विचारलं होतं, मी फळाचं सांगितलं. ते खोटं नव्हतं." मला त्या वेळी त्यांची लाज वाटली.

"मी फळाचं नव्हते इचारत, भावजी," वहिनी म्हणाल्या. पुढे चार वर्षं त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात साहेबांनी स्वतःच्या सगळ्या मिरच्या मुळासकट काढल्या. सॉसवाला येऊन अर्धा तास डोकं फोडून गेला. गावाने पुन्हा येडा म्हटलं. उकिरड्यावरून त्यांनी पिकलेल्या बारा मिरच्या वेचून आणल्या होत्या. त्यांच्या बियांतून घरची परत काढायची, असं त्यांनी ठरवलं. शेकडो झाडं लावायची, प्रत्येक झाडावर मलमलची पिशवी घालायची, म्हणजे माशी आत जायला नको. प्रत्येकाची मिरची खाऊन बघायची, शंभरातली नव्याण्णव उपटायची, उरलेलीचं बी पुढच्या वर्षी लावायचं. आधी ते सुनीताकडे गेले, लग्नात तिला आईने बी दिलं होतं म्हणून. मीही बरोबर होतो. "काका, आमी पाकिटाचंच लावतो आता," ती म्हणाली. चहा दिला, पण मुलीला बाहेर आणलं नाही. परतताना मनोर रस्त्यावर गाडीची वाट बघत आम्ही तासभर उभे होतो.

खरी अडचण निराळीच होती. मूळची चव काय होती, हे कुणाला विचारायचं? त्यांची स्वतःची जीभ त्या परदेशी मिरच्यांनी केव्हाच जाळून टाकली होती. मला तर रविवारपुरती आठवण. "माझं उपकरण बिघडलंय, देसले," ते म्हणाले. "प्रमाण फक्त वहिनींच्या तोंडात आहे." आयुष्यभर दुसऱ्याच्या मताला कवडीची किंमत न दिलेला हा माणूस दरवर्षी ताटलीत पाच मिरच्या घेऊन कुंपणाशी उभा राहायचा. "वहिनी, बघता का जरा?" म्हणायचा. वहिनी ताटली घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी धुतलेली ताटली कुंपणावर पालथी घातलेली असायची. मिरच्यांचं काय झालं ते कळत नसे. डॉक्टरांनी साहेबांचं तिखट पूर्ण बंद केलं होतं, पोटात जखमा होत्या, तरी झाडांमागून झाडं चाखणं चालूच होतं.

चौथ्या वर्षी मी तिथे होतो. ताटलीतल्या मिरच्या पोपटी, जाड, खवल्या-खवल्यांच्या, अगदी डोळ्यांत पाणी यावं अशा. वहिनींनी ताटली घेतली आणि या वेळी तिथेच उभ्या राहिल्या. एक मिरची उचलली, अर्धी तोडली, बराच वेळ चावली.

"हीच हाय," त्या म्हणाल्या.

"नक्की, वहिनी?"

"हीच."

साहेब खाली बसले. मला म्हणाले, पाणी आणा. मी पाणी आणायला वहिनींच्याच विहिरीवर गेलो, ती जवळ होती. वहिनी तिथे चूळ भरत होत्या.

"वहिनी, खरंच तीच आहे?" मी विचारलं.

त्यांनी कुंपणाकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "भाऊ, मला आता आटवतच नाय कशी होती ती. लई आटवून बघितलं. त्या दिवसापासनं तोंडात काय राहिलंच नाय." बादली माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "उनातान्हात मानूस मरंल त्यो असा. त्यांना नका सांगू."

मी पाणी घेऊन गेलो. अठरा वर्षं मला ज्यांनी शिकवलं की निकाल कितीही वाईट असला तरी तो सांगायचा असतो, त्यांना मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं मला अजूनही कधी कधी वाटतं. त्यांनी मिश्राजींना सोडलं नव्हतं, मग मी का सोडलं?

पुढे दोन-तीन आठवड्यांनी बी वाळलं. राऊतसाहेबांनी कागदाची पाकिटं केली आणि त्यांच्या त्या कोरीव अक्षरात लिहिलं, 'घरची मिरची. मूळ वाण.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. कारखान्यात प्रत्येक निकालावर दोन सह्या लागत, एक करणाऱ्याची आणि एक पडताळणाऱ्याची. आपली सही करून त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "तुम्ही हजर होता," ते म्हणाले.

मी सही केली. पहिलं पाकीट घेऊन ते कुंपणाशी गेले. वहिनींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. राऊतसाहेब मात्र वळून माझ्याकडे बघत होते आणि हसत होते. दात दिसेपर्यंत हसताना मी त्यांना पाहिलं ते तेवढंच.